सव्वा महिन्याचं पथ्य

"थांब. हिकडं बघ. उनात ये अशी."

आत्तीनं माझी हनुवटी धरून माझं तोंड सूर्याकडं फिरवलं, तेव्हा अंगणात निम्मं गाव बसलं होतं. बसलं होतं ते काविळीच्या औषधासाठी. मी आपली घागर कमरेवर घेऊन चालले होते, आणि या बाईनं सगळ्यांदेखत माझी पापणी खाली ओढली.

"आता गं बया," पुढंच बसलेली गोदाक्का म्हणाली. "औषधवालीच्याच घरात?"

"मग कावीळ काय घर इचारून येती?" आत्ती म्हणाली. "शैले, घागर ठेव आन् बस तितंच. पर मागं बस. घरची म्हणून फुडं घ्यायची न्हाई मी."

आत्ती म्हणजे माझी सासू, तानूबाई. आमच्या खानापूर-आटपाडीकडं सासूला आत्तीच म्हणायची पद्धत. ते वर्ष दुष्काळाचं होतं. टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतून जायचा, आणि त्या पाण्यात काय काय असायचं ते देवालाच ठाऊक. वाडीत घरटी एकाचे तरी डोळे पिवळे झाले होते. अशा वेळी आमच्याकडं दवाखाना आठवायच्या आधी तानूबाई आठवायची. काविळीचं औषध आमच्या घराण्यात सात पिढ्यांचं, असं सगळे म्हणायचे. सात कुणी मोजल्या ते मी कधी विचारलं नाही.

दर रविवारी उजाडायच्या आत आत्ती एकटी माळाला जायची आणि पदराखाली पाला घेऊन यायची. तो कुटून, शेळीच्या दुधातून, अनशापोटी द्यायची. मग दोऱ्यात गाठलेल्या काड्यांची एक माळ माणसाच्या डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ सैल व्हायची आणि कपाळावरून गळ्यात यायची. पैसा नाही, नारळ नाही. पाल्याचं नाव मात्र कुणाला सांगायचं नाही. ते सासूनं सुनेच्या कानात सांगायचं, तेही अगदी शेवटी, हातपाय थकल्यावर. बाहेरच्या कुणापुढं नाव तोंडातून गेलं की औषधाचा गुण गेला, कायमचा.

आणि पथ्य सव्वा महिन्याचं. तेल नाही, तिखट नाही, हळद नाही, आणि या औषधावर दुसरं कुठलंही औषध पोटात जाता कामा नये. कुणाला गुण आला नाही तर त्यानं पथ्य मोडलं, हे ठरलेलं. आत्तीचं औषध कधी चुकलं नव्हतं. चुकायचा तो माणूस.

माझी पाळी आली तेव्हा अंगण रिकामं झालं होतं. वाटी तोंडाला लावायच्या आधी मी हळूच विचारलं, "आत्ती, आन् माझी गोळी?"

ती गोळी काय होती, ते त्या घरात आम्हां दोघींनाच ठाऊक होतं.

माझा नवरा दिनकर गलाईच्या कामाला होता. आमच्या भागातली निम्मी पोरं तशीच परमुलखात जातात, सोनाराच्या दुकानामागं भट्टी लावून सोनं-चांदी गाळतात. दिनकर कोइमतूरला होता. दिवाळीला यायचा, पेढे आणायचा, एका वर्षी आजार घेऊन आला. तो गेला तेव्हा गावाला आम्ही छातीचा आजार सांगितला. त्यानंतर माझं रक्त तपासलं, आणि मलाही तोच आजार निघाला. एचआयव्ही. हे नाव आमच्या घरात कधी उच्चारलं गेलं नाही. आत्ती त्याला 'त्यो आजार' म्हणायची आणि रोज जेवण झालं की मला विचारायची, "गिळली का गं?" एवढंच.

दिनकरच्या तेराव्याला भावकीनं विषय काढला होता, की पोर ना बाळ, हिला आता माहेरी धाडा. आत्तीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ही गेल्यावर मी भांडू कुणासंगं? तुमी येणार हाय का रोज?" विषय तिथंच संपला. माझ्या सासूनं माझ्यावर माया केली ती अशी, शिव्या देत देत. तिच्याइतकं मला कुणी बोललं नाही आणि तिच्याइतकं मला कुणी सांभाळलंही नाही.

तर ती गोळी. आत्तीनं वाटी खाली ठेवली, विचार केला.

"एवढा सव्वा महिना नगं घिऊ," ती म्हणाली. "पाला आन् गोळी दोगं पोटात भांडत बसत्याल. आधी कावीळ जाऊंदे. मग हायच की तुझी गोळी जल्माची."

"काय व्हनार न्हाई ना?"

"सव्वा महिन्यात काय आभाळ पडतंय?"

मला तिचं पटलं. पटणारच. त्या अंगणातनं बरी होऊन गेलेली माणसं मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते. आत्तीनं माझ्या गोळ्यांची बाटली ट्रंकेत टाकली, वर दिनकरचं जुनं धोतर ठेवलं आणि कडी लावली.

आणि गुण आला की. पंधरवडा झाला नाही तोवर डोळे निवळले, तोंडाला चव आली, माळ गळ्यात आली. आत्तीचा तोरा काय विचारता. मला हाताला धरून गोदाक्काच्या दारात घेऊन गेली आणि म्हणाली, "बघून घे. घरच्याला बी लागू पडतंय." तरी पथ्य तिनं सोडलं नाही. मला चुलीपाशी फिरकू द्यायची नाही. स्वतः भाकरी थापायची, ताकात कुस्करून द्यायची आणि पुढ्यात बसून शेवटचा घास जाईपर्यंत बघायची. मला त्या आळणी ताकभाकरीचा इतका कंटाळा आला होता की स्वप्नात भजी दिसायची. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "सपनात किती बी खा, पथ्याला चालतंय."

सव्वा महिना भरत आला तेव्हा पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी त्याची तऱ्हा वेगळी होती. डोळे नुसते पिवळे नाहीत, हळद फासल्यासारखे. अंगाला खाज सुटली. पोट फुगलं, पायावर सूज चढली. बसल्या जागी डुलकी लागायची. एकदा आत्तीला मी 'आये' म्हणून हाक मारली, माझ्या आईला मारायचे तशी. आई जाऊन दहा वर्षं झाली होती. आत्ती माझ्याकडं बघतच राहिली.

गोदाक्का आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "पथ्य मोडलं असणार हिनं. दुसरं काय? तानूबाईचं औषध कंदी फिरून येतंय व्हय?"

गोदाक्का गेल्यावर आत्तीनं दार लोटून घेतलं आणि माझ्यापुढं बसली.

"खरं सांग. काय खाल्लंस?"

मी पडल्या पडल्या तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा कधी नव्हे तो बारीक झाला होता. मला वाटलं, आपण तर आता काही वाचत नाही. मग हिच्या औषधाला तरी बट्टा कशाला? आपण गेल्यावर हिला त्या अंगणाशिवाय दुसरं काय राहणार आहे? मी खोटं बोलायचं ठरवलं.

"मोडलं आत्ती. शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तेल घालून."

"कदी?"

"तुमी माळाला गेल्यावर. मागल्या रईवारी."

"चटणीचा डबा कुटं हुता?"

"फडताळात. नेहमीच्या जागी."

"चटणीचा डबा सव्वा महिना गोदीच्या घरात हाय," आत्ती म्हणाली. "तुला मोह नगं म्हणून पयल्या दिशीच नेऊन ठिवलाय मी. तेलाची बरणी बी तितंच हाय."

आता यावर मी काय बोलणार? तोंड भिंतीकडं फिरवलं. दुसरं कुणी असतं तर पथ्य मोडलं म्हणून आत्ती मोकळी झाली असती. तिची सासूही तेच म्हणत आली असणार आणि तिच्या सासूची सासूही. पण माझा घासन् घास तिनंच भरवला होता. मी काय खाल्लं याची साक्षीदार तीच होती.

"तुझ्या पोटात माझ्या हातचं सोडून काय गेलेलं न्हाई," शेवटी ती म्हणाली. "मंजी औषधच चुकलं."

हे वाक्य तिच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकलं. ती उठली, ट्रंक उघडली, गोळ्यांची बाटली काढून कमरेला खोचली.

"ऊठ. जायाचं."

"पथ्याचं दोन दिस ऱ्हायल्यात अजून."

"पथ्य गेलं चुलीत," आत्ती म्हणाली. "ऊठ म्हणते न्हवं."

वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये तिनं मला पुढच्या सीटवर बसवलं आणि ड्रायव्हरला सबंध वाटभर सांगत राहिली, हळू घे, हळू घे. पुढं एसटीनं जिल्ह्याच्या गावी. जिथून मी दर महिन्याला गोळ्या आणायचे ते सरकारी केंद्र त्या मोठ्या दवाखान्यातच होतं. तिथले डॉक्टर तांबोळी मला पहिल्या दिवसापासून ओळखायचे. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. आत्ती तिथं कधी आली नव्हती. मी एकटीच जायचे, गावात बाजाराला जाते म्हणून सांगायचे.

डॉक्टरांनी माझे डोळे बघितले, पोट दाबून बघितलं, हात पुढं करायला सांगितला. माझे पंजे पाखरागत फडफडत होते. त्यांनी लगेच दाखल करून घेतलं, रक्त काढायला लावलं आणि खाटेपाशी स्टूल ओढून बसले.

"गोळी रोज घेताय ना, शैलाताई?"

मी आत्तीकडं बघितलं.

"तिला नगा इचारू," आत्ती म्हणाली. "गोळी मी बंद केली. सव्वा महिना झाला. कावीळ झालती म्हणून पाल्याचं औषध दिलं मी. त्याला पथ्य असतंय."

मला वाटलं, आता डॉक्टर ओरडणार. ते ओरडले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले, क्षणभरच. मग विचारलं, "कसला पाला?"

आत्तीनं पदर आवळून घेतला.

"मावशी, मला ते कळायलाच पाहिजे. काही काही पाल्यांनी लिव्हर खराब होते. तसं असलं तर उपचार वेगळे करावे लागतील. नाव सांगा."

"नाव सांगायचं नसतंय, डाक्टर."

"का?"

"सांगितलं की गुण जातोय. सात पिढ्यांचा हाय."

डॉक्टर तांबोळींनी स्टूल तिच्याजवळ ओढलं. मग साध्या आवाजात म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला जबरदस्ती करणार नाही. पण तुमच्या सुनेची लिव्हर बंद पडत चाललीय. मला अंधारात औषध द्यायला लावू नका."

वॉर्ड भरलेला होता. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी, तिची दोन माणसं, पलीकडं आणखी कुणी. आत्तीनं सगळीकडं एकदा नजर फिरवली. मी सगळं ऐकत होते, पण जीभ जड झाली होती. नका सांगू, असं म्हणायचं मनात होतं. तोंडातून नुसता आवाज आला. आत्तीनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि डॉक्टरांकडं बघून ते नाव घेतलं.

डॉक्टरांना कळलं नाही. "काय म्हणालात?"

आत्तीनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. आमच्या वाडीतलं ते नाव डॉक्टरांनी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी सिस्टरला विचारलं, तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं वॉर्डबॉय मामांना हाक मारली. मग शेजारच्या म्हातारीनं उशीवरून मान उचलून विचारलं, "पान कसं असतंय त्याचं? बारीक का रुंद?" आत्तीनं बोटानं खाटेच्या चादरीवर पान काढून दाखवलं. फूल केवढं, चीक कसला, वास कसा, सगळं सांगितलं. जे नाव सात पिढ्या एका कानातून दुसऱ्या कानात गेलं होतं, ते पाच मिनिटांत अख्ख्या वॉर्डात फिरलं. आणि शेवटी मामा म्हणाले, "हात्तिच्या, ते व्हय? आपल्या पाण्याच्या टाकीमागं हाय की हे एवढं माजलेलं." ते गेले आणि मूठभर उपटून घेऊन आले.

आत्तीनं ती मूठ हातात घेतली, बघितली आणि मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी दिनकरच्या वेळीही बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं.

डॉक्टरांनी पुस्तकं बघितली, कुणाकुणाला फोन केले. संध्याकाळी रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा ते परत खाटेपाशी आले आणि आत्तीला म्हणाले, "पाल्यानं झालेलं दिसत नाही, मावशी."

"मग?"

"नीट ऐका. यांच्या रक्तात दोन आजार आहेत. एक तुम्हाला ठाऊक आहे तो. दुसरा म्हणजे कावीळ बी. तो बरीच वर्षं आहे, लिव्हरमध्ये दबून बसलेला. रोजची जी गोळी आहे ना, ती या दोघांनाही धरून ठेवते. एकाच दाव्याला दोन जनावरं. गोळी थांबली आणि दोन्ही सुटली. त्यातलं एक लिव्हरवर तुटून पडलं."

"आन् पयली कावीळ?"

"ती पाण्यातली असणार, तुमच्या गावात सगळ्यांना झाली तशी. ती बहुतेकांची आपोआप जाते. पाला दिला तरी, नाही दिला तरी."

मला पहिल्या दिवशी केंद्रात हे सांगितलंही असेल. पण त्या दिवशी पहिल्या आजाराचं नाव ऐकल्यावर पुढचं काही माझ्या कानात शिरलंच नव्हतं.

आत्ती म्हणाली, "मंजी पाल्यानं काय वंगाळ केलं न्हाई."

"नाही."

"बरं बी काय केलं न्हाई."

डॉक्टरांनी रिपोर्टची घडी घातली.

"माझ्या तोंडानं केलं," आत्ती म्हणाली. "गोळी बंद, म्हणून मी बोलले त्यानं."

"तुम्ही वेळेवर घेऊन आलात," डॉक्टर म्हणाले. "आठवडाभर थांबला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. आणि आल्याबरोबर खरं सांगितलंत. लोक नाही सांगत. मला शोधत बसायला लागतं, आणि तोवर माणूस जातो." मग जरा थांबून म्हणाले, "पण अजून काही सांगता येत नाही. लिव्हर आधीच थोडी कडक झालेली आहे. दोन आजार एकत्र असले की झीज लवकर होते. आजपासून गोळी परत सुरू करू आणि बघू."

"बघू म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही देवाला सांगा, आणि मी माझं काम करतो."

त्या दिवसांतलं मला सलग आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की जेवणाचं ताट गेलं की आत्ती गोळी घेऊन उभी राहायची आणि गिळल्यावर मला तोंड उघडून दाखवायला लावायची. सिस्टर हसायची. म्हणायची, आजी, आमचं काम तुम्हीच करताय. आत्ती म्हणायची, "म्या बंद केलती, म्याच चालू करनार." दिवसा ती माझ्या पायाशी बसून राहायची. एकदा मला जाग आली तेव्हा डॉक्टर तांबोळी आणि ती व्हरांड्याच्या पायरीवर शेजारी शेजारी बसले होते आणि आत्ती त्यांना आमच्या शेळीची कौतुकं सांगत होती. तो माणूस दिवसभर उभा राहून दमलेला, तरी ऐकत होता. मला त्या दोघांना बघून उगीचच वाटलं की आपण मरणार नाही.

आणि नाही मेले. रक्ताचे आकडे आधी वाढायचे थांबले, मग हळूहळू उतरायला लागले. पंजे स्थिर झाले. एक दिवस मी आत्तीला म्हटलं, ही दवाखान्यातली भाजी फार आळणी आहे. आत्तीनं डॉक्टरांना जाऊन सांगितलं, "बरी झाली ती. नावं ठिवाय लागली."

आज त्याला इतकी वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी मी लिव्हरची सोनोग्राफी करून घेते, रोजची गोळी एक दिवस चुकवत नाही. आधीची गोळी बदलली, पण कावीळ बी धरून ठेवणारं औषध तेवढं बदलायचं नाही, हे डॉक्टर दर वेळी नव्यानं सांगतात आणि मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान डोलावते. लिव्हरवर वण राहिलेत. ते पुढं गेलेले नाहीत. केंद्रात नवीन बाई आली की मला तिच्याशेजारी बसवतात. मी पहिली गोष्ट हीच सांगते, की काही होऊ दे, कुणी काही सांगू दे, गोळी आपल्या मनानं सोडू नको. आत्ती आता नाही. तिची आठवण आली की मला रडू यायच्या आधी हसू येतं. पण तिचे उपकार मोजायला बसले तर मी ज्या दिवसापाशी थांबते, तो दवाखान्यातला नाही. तो आम्ही परत आल्यावरचा पहिला रविवार.

सकाळी अंगण पुन्हा भरलं होतं. टँकर चालूच होते. आत्ती त्या दिवशी माळाला गेली नव्हती. मी तिला आदल्या दिवशी म्हटलंही होतं, "आत्ती, पाला काय वाईट न्हाई, डॉक्टर म्हणालं की. तुमी देत ऱ्हावा. मी कुणाला काय सांगणार न्हाई." ती शेळीला पाणी दाखवायला उठून गेली होती.

ती उंबऱ्यात बसली. हात रिकामे. मी आत चुलीपाशी, दाराच्या फटीतून बघत होते.

"औषध बंद झालं," ती म्हणाली. "नाव बोलले मी. गुण गेला."

मग भैरूआबा, वाडीतले सगळ्यात जुने, काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "कुणापुढं बोललीस?"

"दवाखान्यात. डाक्टरानं इचारलं."

"आन् तू सांगितलंस?"

"न्हाई सांगितलं असतं तर ही गेली असती."

गोदाक्का पुढं सरकली. "पर हिनं पथ्य मोडलं म्हणून झालं न्हवं सगळं? तिचं तिनं भोगायचं. तू कशाला नाव सांगाय गेलीस?"

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. मला वाटलं, आता आत्तीनं नुसतं हं म्हणावं. सगळं निस्तरलं असतं. मी काही मनाला लावून घेतलं नसतं.

"तिनं पथ्य मोडलं न्हाई," आत्ती म्हणाली. "घासन् घास माझ्या हातचा खाल्लाय तिनं. तेल-चटणी तुझ्या घरात हुती, गोदे, तूच सांग. पथ्य पाळून ती मराय लागली. आन् आयका आता. ज्याला ज्याला मी म्हटलं आसंल की दुसरी गोळी बंद कर, त्यानं आजपासनं चालू करायची. आन् डोळं पिवळं झालं की तालुक्याला जाऊन रगत तपासायचं, कुठली कावीळ हाय ती बघायची."

"माझी बीपीची बी चालू करू?" भैरूआबांनी विचारलं.

"तुझी तर पयली."

कुणीतरी हसलं. पण गोदाक्का सोडणार थोडीच. "मंजी शैलीला झालं तरी काय हुतं येवढं?"

"कावीळ," आत्ती म्हणाली. "दुसरं काय व्हनार?" आणि तिच्याकडं असं बघितलं की गोदाक्कानं पुन्हा जन्मात तो प्रश्न काढला नाही.

माणसं एकेक करून उठली. भैरूआबा मात्र बसून राहिले. अंगणात ते दोघंच उरल्यावर म्हणाले, "तानू, वाईट झालं बघ. सात पिढ्यांचं हुतं. सात पिढ्यांनी जपलेलं एका सुनंपायी घालिवलंस."

"आबा," आत्ती म्हणाली, "उद्या मी हातरुनाला खिळले तर सात पिढ्यांतलं कोण उठून येनार हाय मला घोटभर पाणी पाजाय? का तू येनार हाईस?"

आत्तीनं मान न वळवताच आत हाक मारली.

"शैले, दाराआडनं आयकून झालं आसंल तर चा टाक. आबाला बी टाक. आन् आदी गोळीची बाटली ट्रंकंतनं काढून फडताळात ठिव, माझ्या डोळ्याम्होरं. आता कुणापास्नं लपवायची न्हाई. कुणी इचारलं तर सांगीन, माझ्या सुनंची हाय, ती तिच्यावर जगती आन् मी तिच्यावर."

परत आल्यावर पुन्हा ट्रंकेत लपवलेली ती बाटली मी फडताळात ठेवली आणि चहा टाकला. चहा उकळून वर आला, चुलीत सांडला, तरी मला दिसला नाही, इतके माझे डोळे भरून वाहत होते. उरलेला दोन कपांत ओतून बाहेर नेला. आत्तीनं एक घोट घेतला आणि आबांकडं वळून म्हणाली, "बघ, साखर इसरली."